फितीवरचा आणि तबकडीवरचा आवाज संगणकात कसा उतरवावा : घरच्यांसाठी एक टिपण



आपल्यापैकी बहुतेकांच्या बेसमेंटमध्ये किंवा क्लोजेटच्या वरच्या फळीवर एक खोके असते. त्यात भारतातून आलेल्या कॅसेट असतात, नाट्यसंगीताच्या सीडी असतात, मंडळाच्या एखाद्या जुन्या गणेशोत्सवाचे रेकॉर्डिंग असते, आणि ज्यावर काहीच लिहिलेले नाही अशा दोन-चार वस्तू असतात. "एकदा सवडीने बघू" असे म्हणत ते खोके आपण तीन घरे बदलताना बरोबर नेलेले असते. हे टिपण त्या खोक्यासाठी आहे.

सुरुवातीला आमचीच फजिती सांगतो. सातारहून आजोबा कॅसेटवर बोलून पाठवत. फोन महाग होता, म्हणून पत्राऐवजी कॅसेट. पाऊस किती झाला, कोणाचे लग्न ठरले, आणि शेवटी नातवंडांसाठी एक गोष्ट. २००३ च्या सुमारास आम्ही त्या कॅसेटवरून सहा ऑडिओ सीडी तयार केल्या आणि "आता काय उपयोग" म्हणून कॅसेट टाकून दिल्या. पुढे घर बदलताना त्या सीडी संगणकात घालून दिसतील त्या सगळ्या फाईली हार्डडिस्कवर ओढून घेतल्या आणि सीडीही टाकल्या. त्या फाईलींच्या नावाच्या शेवटी 'सीडीए' अशी अक्षरे होती. नंतर कळले की अशा प्रत्येक फाईलीत फक्त ४४ बाइट असतात आणि आवाज त्यात नसतोच. गाणे तबकडीवर कुठे सुरू होते एवढी खूण त्यात असते. सहापैकी एक सीडी गाडीत राहिली होती म्हणून वाचली. बाकीचे आजोबा गेले ते गेलेच.

ही चूक आणखी कोणाच्या घरी होऊ नये म्हणून आम्हाला जे माहीत आहे ते इथे एकत्र केले आहे.

१. आधी खोक्यात काय आहे ते ओळखा

साधी कॅसेट : फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली. फीत ३.८१ मिलिमीटर रुंद, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. यावरचा आवाज अॅनालॉग, म्हणजे चुंबकीय चढउतारांच्या रूपात असतो.

ऑडिओ सीडी : सोनी आणि फिलिप्स यांची. १९८२ मध्ये जपानात बाजारात आली. यावरचा आवाज आकड्यांच्या रूपात असतो.

सीडी-आर : घरी लिहिलेली तबकडी. हिची खालची बाजू हिरवट, निळसर किंवा सोनेरी दिसते. यात दोन प्रकार. काही ऑडिओ सीडी म्हणून लिहिलेल्या असतात, तर काहींवर एमपी३ सारख्या फाईली डेटा म्हणून असतात.

डॅट : कॅसेटपेक्षा लहान, व्हिडिओ कॅसेटसारखे झाकण असलेली डबी. सोनीने १९८७ मध्ये आणली. कार्यक्रमाला साऊंड सांभाळणारे लोक मिक्सरवरून थेट हिच्यावर रेकॉर्ड करत. फीत पुन्हा ३.८१ मिलिमीटरचीच, पण आवाज आकड्यांत.

डीडीएस : दिसायला हुबेहूब डॅट, पण संगणकाच्या बॅकअपसाठी. सोनी आणि ह्युलेट-पॅकार्ड यांनी १९८९ मध्ये डॅटच्याच फितीवर हा प्रकार बसवला. डबीवर 'डीडीएस' असे छापलेले असते.

वहीत प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्या आणि तोच क्रमांक डबीवर चिकटवा. तबकडीवर मात्र कागदी लेबल चिकटवू नका. तबकडीचा तोल जातो, आणि लेबल सुटले तर त्याबरोबर वरचा चकचकीत थरही निघू शकतो.

२. आवाजाचे आकडे

सीडीवर एका सेकंदाच्या आवाजाचे ४४,१०० नमुने असतात. प्रत्येक नमुना १६ बिटचा, आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट, तासाला सुमारे ६३.५ कोटी बाइट. डॅटवर ४८,०००, ४४,१०० किंवा ३२,००० नमुने घेता येत.

४४,१०० हा विचित्र आकडा कुठून आला? सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत. अमेरिकेतल्या व्हिडिओत सेकंदाला ६० फील्ड, प्रत्येकात वापरता येणाऱ्या २४५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३ नमुने. गुणाकार करून पाहा. भारतासारख्या ५० फील्डच्या देशांत २९४ ओळी घेतल्या की तोच आकडा येतो.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की सीडी आणि डॅटवर आकडे आधीच तयार आहेत. ते स्पीकरमधून वाजवून पुन्हा रेकॉर्ड करण्याची गरज नाही. आहेत तसे उचलून आणायचे. कॅसेटचे मात्र आकडे आपल्यालाच करावे लागतात.

३. ऑडिओ सीडी वाचणे

आताच्या लॅपटॉपमध्ये सीडी ड्राईव्ह नसतो. यूएसबीचा बाहेरून जोडायचा ड्राईव्ह अजून मिळतो आणि फारसा महाग नाही. एका घराने घेतला तर पाच घरांचे काम होते.

ड्राईव्ह सीडी ठोकळ्या-ठोकळ्यांनी वाचतो. एका सेकंदाचे ७५ ठोकळे, प्रत्येक २३५२ बाइटचा. डेटा सीडीत यातले २०४८ बाइट माहितीला आणि उरलेले ३०४ पत्ता व चुका दुरुस्त करण्यासाठी ठेवलेले असतात. ऑडिओ सीडीत सगळे २३५२ बाइट आवाजालाच दिलेले आहेत. म्हणून ऑडिओ सीडीवर ड्राईव्हला नेमक्या जागी परत येणे अवघड जाते, आणि ओरखडा लागला तर दुरुस्तीला डेटा सीडीइतका आधार नसतो. प्लेअर अशा ठिकाणी आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाज बांधून पुढे जातो. कानाला कळत नाही, पण फाईलीत तो अंदाज कायमचा बसतो.

यावर उपाय म्हणजे तेच ठोकळे पुन्हापुन्हा वाचून ताडून पाहणारे सॉफ्टवेअर. विंडोजवर 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' आणि लिनक्सवर 'सीडीपॅरानोइया' ही दोन्ही १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून आहेत. मॅकवर म्युझिक प्रोग्रॅममधून सीडी आयात करताना चूक-दुरुस्तीचा पर्याय चालू करा. काम संपल्यावर हे पाहा :

- फाईल 'वेव्ह' किंवा 'फ्लॅक' प्रकारची आहे ना. फ्लॅक हा २००१ पासूनचा मोफत प्रकार. यात आवाजाचा एकही आकडा न गमावता जागा साधारण निम्मी लागते. एमपी३ ऐकायला चालते, जपायला नाही.
- वेव्ह फाईलीचा आकार मिनिटाला सुमारे १ कोटी बाइट भरतो ना. काही शे बाइट दिसले तर ती आमच्या आजोबांची गोष्ट समजा.
- निदान पहिले आणि शेवटचे गाणे ऐकून पाहा.

तबकडी पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नको. ओरखडे खालच्या बाजूचेच वाईट असे लोकांना वाटते. खरे तर प्रकाश परावर्तित करणारा थर लेबलच्या बाजूला, पातळ वार्निशखाली असतो. तिथला ओरखडा भरून येत नाही.

एक अडचण पुष्कळांना येते. दिवाणखान्यातल्या सीडी रेकॉर्डरवर लिहिलेली तबकडी संगणकाला दिसतच नाही. शेवटी 'फायनलाईझ' करायचे राहिले असेल तर असे होते. तो जुना रेकॉर्डर चालू असेल तर त्याच्यावरच तबकडी पूर्ण करून घ्या.

४. डॅट : सगळ्यात घाईचे काम

खोक्यात डॅट असेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून हे आधी करा. सोनीने २००५ मध्ये डॅट यंत्रे बनवणे थांबवले. जी आहेत ती वापरलेली आहेत, आणि दुरुस्त करणारे हात दरवर्षी कमी होतात. डॅटमध्ये एक छोटे चाक मिनिटाला २००० फेऱ्यांनी फिरत तिरक्या रेषांत आकडे लिहिते, आणि फीत मात्र सेकंदाला जेमतेम ८ मिलिमीटर सरकते. या रेषा इतक्या बारीक की एका यंत्राचे चाक जरा कलले असेल तर त्यावरची फीत दुसऱ्या यंत्रावर खरखरते किंवा गप्प होते.

आवाज काढायचे दोन मार्ग आहेत.

पहिला, चालू असलेला डॅट डेक. त्याच्या डिजिटल आउटपुटमधून ऑप्टिकल किंवा कोअॅक्शियल तारेने संगणकाच्या ऑडिओ इंटरफेसला जोडा. हेडफोनच्या भोकातून घेऊ नका, कारण मग आकड्यांचा आवाज आणि आवाजाचे पुन्हा आकडे असा फेरा पडतो. सॉफ्टवेअरमध्ये नमुन्यांचा दर फितीवर आहे तोच ठेवा आणि घड्याळ बाहेरचे, म्हणजे डेकचे, निवडा. नाहीतर मध्येमध्ये टकटक ऐकू येते.

दुसरा मार्ग संगणकाच्या टेप ड्राईव्हचा. डॅट आणि डीडीएस यांची फीत एकच, मग डीडीएस ड्राईव्हमध्ये ऑडिओ डॅट का वाजत नाही? कारण ड्राईव्हमधले फर्मवेअर नकार देते. डीडीएसमध्ये आवाजाच्या दोन दुरुस्ती-थरांवर तिसरा थर चढवलेला असतो आणि तो दिसला नाही की ड्राईव्ह फीत परत करतो. पण १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूच्या सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने आपल्या वर्कस्टेशनसाठी खास फर्मवेअर घातलेले ड्राईव्ह दिले, आणि ते ऑडिओ डॅट वाचतही आणि लिहीतही. आर्काइव्ह पायथन आणि सोनी एसडीटी-९००० या ड्राईव्हच्या काही आवृत्त्या या कामासाठी जाणकारांनी जपून ठेवल्या आहेत. त्यांना स्कझी कार्ड असलेला जुना संगणक लागतो, म्हणून प्रत्येकाने विकत घेण्यात अर्थ नाही. ज्याच्याकडे चालू जुळणी आहे त्याच्याकडे न्यावे.

या मार्गाचा फायदा असा की संगणक आवाजाबरोबर फितीवरच्या इतर खुणाही वाचतो. गाणे कुठे सुरू झाले, कोणत्या चौकटीत चूक आली, आणि रेकॉर्डरला घड्याळ असेल तर रेकॉर्डिंगची तारीख आणि वेळ. ज्या डबीवर काहीच लिहिलेले नाही तिचा दिवस अशा रीतीने सापडू शकतो.

डॅटसाठी सूचना :

- आधी बिनमहत्त्वाची फीत घालून यंत्र फीत खात नाही याची खात्री करा.
- थंडीत गाडीतून आणलेली फीत लगेच घालू नका. दव धरते. काही तास घरात राहू द्या.
- ३२ किलोहर्ट्झच्या लाँग-प्ले पद्धतीत नमुने १६ ऐवजी १२ बिटचे असतात. प्रत्येक यंत्र ते वाचत नाही, आधी विचारून घ्या.
- काटकसर म्हणून तेव्हा काहींनी ऑडिओसाठी डीडीएसच्या फिती वापरल्या. ६० मीटरच्या फितीवर २ तास आणि ९० मीटरवर ३ तास बसत. म्हणून 'डीडीएस' छापलेल्या डबीत गाणेही असू शकते, बॅकअप समजून फेकू नका.

५. कॅसेट : इथे आकडे आपण करायचे

चांगला डेक, ऑडिओ इंटरफेस आणि 'ऑडॅसिटी' हे मोफत सॉफ्टवेअर एवढे पुरते. नमुने ४८,००० आणि २४ बिट ठेवा. ९० मिनिटांची एक कॅसेट सुमारे १५५ कोटी बाइट घेते. शंभर कॅसेट केल्या तरी आजच्या एका छोट्या हार्डडिस्कवर आरामात मावतात, तेव्हा जागेची काटकसर नको.

- डेकचे हेड आणि रबरी चाक आधी साफ करा. भारतातून आलेल्या फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती तशीच वाजवू नका. ती हेडला आणि पुढच्या फितीला लागते.
- फितीमागची छोटी फेल्टची गादी पडलेली असेल तर आवाज दबतो. कवच स्क्रूचे असेल तर फीत दुसऱ्या कवचात घालता येते.
- मायक्रोफोनचे नव्हे, लाइन-इनचे भोक वापरा. मीटरचा सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या खाली राहू द्या.
- आवाज पडद्याआडून आल्यासारखा वाटला तर डेकचे हेड जरा कलते करावे लागते. त्याचा छोटा स्क्रू फिरवत 'स' आणि 'श' स्पष्ट होतील तिथे थांबा.

वेगाबद्दल थोडे सविस्तर. आपल्या घरच्या कॅसेटवर माणसांचे आवाज बारीक आणि घाईचे का वाटतात? पुष्कळदा रेकॉर्डरचे सेल उतरलेले होते. फीत हळू सरकली, आणि आता योग्य वेगाने वाजवली की आवाज चढतो. रेकॉर्डर विजेवर चालवला असेल तर एक खूण सापडते. भारतातली वीज ५० हर्ट्झची आहे, अमेरिकेतली ६०. तिची घरघर फितीवर उतरते. ऑडॅसिटीमध्ये शांत जागा निवडून 'प्लॉट स्पेक्ट्रम' पाहा, साईझ शक्य तितका मोठा ठेवा. पुण्यात केलेल्या रेकॉर्डिंगची घरघर ५३ वर दिसली तर आवाज ६ टक्के जलद वाजतो आहे. ५० भागिले ५३, म्हणजे ०.९४३ पट वेग करा. आपल्याकडच्या विजेचा आकडाही थोडा खालीवर होई, म्हणून शेवटचा निर्णय कानाने घ्या. सेलवर केलेल्या रेकॉर्डिंगला घरघर नसते. तिथे हार्मोनियम मदतीला येते. सूर काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधेच कुठेतरी लोंबकळत असेल तर वेग चुकला असण्याचा संभव आहे. आणि काहीच नसेल तर ज्यांनी ते माणूस ऐकले आहे त्यांना बोलवा. आमच्या आत्याने आजोबांची वाचलेली सीडी ऐकून अर्ध्या मिनिटात सांगितले, "हे दादांचे बोलणे नाही, दादा असे घाईने बोलत नसत." वेग उतरवल्यावर तिने डोळे पुसले.

मूळ फाईल मात्र तशीच ठेवा. वेग बदलणे, खरखर काढणे हे नेहमी प्रतीवर करावे. सफाईची साधने सुधारत जातात. आज घाईने पुसलेला आवाज उद्या परत आणता येत नाही.

६. सीडी लिहायची असेल तर

गाडीत ऐकायला किंवा आजीला द्यायला अजून सीडी हवी असते. अमेरिकेत १९९२ च्या ऑडिओ होम रेकॉर्डिंग कायद्याने घरगुती डिजिटल रेकॉर्डरवर आणि त्यांच्या कोऱ्या तबकड्यांवर रॉयल्टी बसवली. म्हणून दिवाणखान्यातला सीडी रेकॉर्डर 'म्युझिक' असे छापलेली महाग तबकडीच घेतो. संगणकाच्या ड्राईव्हला ही अट नाही, साधी सीडी-आर चालते.

सलग बैठकीचे रेकॉर्डिंग असेल तर 'डिस्क-अॅट-वन्स' हा पर्याय निवडा. 'ट्रॅक-अॅट-वन्स' ठेवलात तर दोन भागांत दोन सेकंदांची शांतता येते आणि आलाप मधेच तुटतो. जपण्यासाठी लिहायची असेल तर ऑडिओ सीडी नको, फ्लॅक फाईली डेटा म्हणून लिहा. ७४ मिनिटांच्या तबकडीवर ऑडिओ म्हणून ७८ कोटी बाइट बसतात आणि डेटा म्हणून ६८ कोटी, पण त्या कमी झालेल्या जागेतच दुरुस्तीची सोय असते. सीडी-आरवरचा रंग उन्हाने आणि उष्णतेने उतरतो. तेव्हा तबकडी ही एक जादा प्रत समजा, एकमेव प्रत कधीच नाही.

७. नावे आणि प्रती

फाईलीच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग गाव, मग कोण आणि वहीतला क्रमांक. 'आजी नवीन २ फायनल' असे नाव मुलांना काहीच सांगत नाही. तीन प्रती करा. दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी, शक्यतो भारतातल्या भावंडांकडे. फ्लॅक फाईलीत आवाजाच्या आकड्यांची पडताळणी-खूण आतच असते. वर्षातून एकदा, समजा दिवाळीच्या सफाईत, ती तपासणी चालवा. तीन ठिकाणी फाईल उघडते आणि वाजते हे पाहीपर्यंत मूळ फीत टाकू नका. आणि नंतरही टाकू नका.

विकत घेतलेल्या कॅसेट-सीडींची प्रत घरच्या वापरापुरती ठेवा. त्या वेबसाईटवर चढवणे किंवा वाटणे वेगळी गोष्ट आहे, तिथे हक्क दुसऱ्यांचे असतात. मंडळाच्या जुन्या कार्यक्रमांचेही कलाकारांना विचारल्याशिवाय प्रसारण करू नये.

८. शेवटी थोडेसे

हे सगळे कोणासाठी, असा प्रश्न पडेल. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतल्या हजारो ओव्या बायांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. जाती बंद पडली, गाणाऱ्या कित्येक जणी गेल्या, पण २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ओव्या कोणालाही ऐकता येतात. फितीवरून वेळेत उतरवल्या, आणि प्रत्येक ओवीपुढे बाईचे नाव आणि गाव लिहिले, म्हणून हे झाले. आपल्या खोक्यातल्या आजीचा आवाज त्याहून कमी मोलाचा नाही, फक्त त्याचा वाली आपल्याशिवाय दुसरा कोणी नाही.

यंत्रे अजून मिळतील. पण "हा आवाज कोणाचा?" याचे उत्तर देणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. येत्या सुट्टीत आई-बाबा इकडे आले की एक कॅसेट लावा, त्यांच्याशेजारी वही घेऊन बसा आणि नावे लिहून घ्या. ते बोलतील तेही रेकॉर्ड करा.

काही चुकले असेल तर जाणकारांनी जरूर कळवावे. चूकभूल द्यावी घ्यावी.